म्हाताऱ्या उंदरांसाठी लखनौला

लोक लखनौला कशाकशासाठी जातात. कुणी इमामबाडा बघायला, कुणी चिकनचे कुर्ते घ्यायला, कुणी नुसते कबाब खायला. मी गेले होते म्हाताऱ्या उंदरांसाठी. हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग म्हणतात, "चल, खरं सांग." अहो, खरंच सांगते आहे!

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा हिवाळा. मी नागपूरला पीएच.डी. करत होते. विषय: स्नायूला इजा झाली की तो परत कसा भरून येतो आणि म्हातारपणी तो भरायला कचरतो का. आपल्या स्नायूंचे धागे असतात, आणि प्रत्येक धाग्याच्या कडेला काही राखीव पेशी झोपा काढत पडलेल्या असतात. धागा मेला की त्या जाग्या होऊन नवा धागा विणतात. तरुणपणी हे काम झपाट्याने होतं. म्हातारपणी काय होतं ते बघायला म्हातारे उंदीर हवेत, आणि दोन-दोन वर्षं उंदरांना खायला घालून पोसणार कोण? आमच्याकडे नव्हते. लखनौच्या एका मोठ्या संस्थेत होते. गाइड म्हणाले, "जा, सहा आठवडे राहा आणि काम करून ये." मी स्वेटर विणायला घेतला. तो गाडीत बसेपर्यंत एका बाहीचाच झाला होता.

तेलीबाग

चारबाग स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि धुकं अजून हललं नव्हतं. वानखेडे काका मफलर गुंडाळून प्लॅटफॉर्मवर उभे होते, नाक तेवढं बाहेर. काका म्हणजे माझ्या बाबांचे शाळेतले मित्र. केंद्र सरकारच्या एका कचेरीतल्या नोकरीमुळे अठरा वर्षं लखनौतच. माझ्या हातातली संत्र्यांची करंडी बघून ते म्हणाले, "अच्छा! म्हणजे तुझ्या बाबाला अजून अक्कल आहे." आणि तिथेच, हमालांच्या गर्दीत उभ्याउभ्या, एक संत्रं सोलून त्यांनी खाल्लं.

तेलीबागेतलं त्यांचं घर छोटं होतं. पुढे अंगण, अंगणात खाट, बैठकीत बुद्धाची तसबीर. काकू स्वयंपाकघरातून ओरडून स्वागत करणाऱ्या. कॉलेजात जाणारी मुलगी मिनी मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. मी छेडलं की म्हणायची, "दीदी, समझ तो पूरा आता है ना? फिर?"

पहिल्याच आठवड्यात मला ज्वारीची भाकरी खायची हुक्की आली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ज्वारी मागितली, तर त्याने विचारलं, "भैंस के लिए कि गाय के लिए?" मी म्हटलं, "मेरे लिए." तो बिचारा माझ्याकडे इतक्या करुणेने बघायला लागला की काय सांगू! त्यानंतर मी रोज दिसले की तो विचारायचा, "तबियत ठीक है बिटिया?" भाकरी मात्र झाली. काकूंनी तिच्याबरोबर लखनौकडचं निमोना केलं होतं, म्हणजे हिरव्या मटारचं वाटून केलेलं झणझणीत कालवण. आमच्या झुणक्याने लाजावं असं! अजूनही मटार स्वस्त झाले की मी ते करते, आणि दर वेळी काहीतरी चुकतं.

या घरात एक माणूस बोलत नव्हतं. काकांची आई. यवतमाळकडच्या गावातून ती लेकाकडे चार दिवस राहायला म्हणून आली आणि न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी व्यायामाचा कागद दिला. आजीने तो गादीखाली सारला आणि पडून राहिली. मी गेले तेव्हा तिला पडून साडेतीन महिने झाले होते. पाय वाळक्या शेंगांसारखे झाले होते.

मी मराठी बोलते म्हटल्यावर तिने डोळे उघडले. "कोणाची वं पोरी तू?" मी सांगितलं. मग तिचा बांध फुटला. "माह्यासंगं इथं कोणी बोलत नाई बाप्पा. नात हिंदी, शेजारीण हिंदी, दूधवाला हिंदी. मले माह्या गावी जाचं हाय. तिथं माही बहीण हाय, माहं घर हाय."

"जाशील की," काका दारातून म्हणाले, "आपल्या पायांनी गाडीत चढशील त्या दिवशी तिकीट काढतो." ते हे रोज म्हणायचे. आजी रोज भिंतीकडे तोंड फिरवायची.

"चाल की मग आजी," मी म्हटलं.

"म्हाताऱ्या मांसात आता काय भरते? तू तं शिकेल हायस. तूच सांग, भरते का?"

मी म्हटलं, "तेच तर बघायला आलेय. म्हाताऱ्या उंदरांना विचारून सांगते."

"उंदराले?" ती म्हणाली, आणि त्या घरात ती पहिल्यांदाच हसली असं काकूंनी नंतर मला सांगितलं. मी हे चेष्टेत बोलले होते. तिने ते चेष्टेत घेतलं नव्हतं.

रिझवीसाहेबांचं राज्य

तेलीबागेतून संस्थेत जायला टेम्पो असायचा. आठ माणसं, दोन दुधाचे कॅन आणि कधीकधी एखादी कोंबडी. संस्थेत माझी गाठ पडली ती रिझवीसाहेबांशी. वरिष्ठ तंत्रज्ञ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पांढराशुभ्र कोट, खिशात इस्त्रीचा रुमाल. उंदरालाही ते 'आप' म्हणायचे. पिंजरा उघडताना म्हणायचे, "तशरीफ़ लाइए." मला वाटलं थट्टा करताहेत. छे! ते मनापासून म्हणत होते.

पद्धत अशी. उंदराला भूल देऊन उजव्या पायात एक औषध टोचायचं. तिथले स्नायूचे धागे मरतात. डाव्या पायाला हात लावायचा नाही, तो तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल. बारा दिवसांनी दोन्ही पायांचे स्नायू काढून द्रव नायट्रोजनच्या कडाक्यात झटकन गोठवायचे. रेंगाळलात तर आत बर्फाचे खडे होऊन सगळ्याची चाळण होते. मग पापडाहून कितीतरी पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. म्हाताऱ्यांनंतर तरुण उंदीर, तुलनेसाठी.

टोचायच्या दिवशी रिझवीसाहेब उंदीर उताणे धरत होते आणि मी टोचत होते. बारा दिवसांनी स्नायू काढताना उंदीर पालथे ठेवले होते. मी भराभर काम करत होते. ते हळूच, मला राग येऊ नये अशा बेताने म्हणाले, "अगर नागवार न गुज़रे, तो एक नज़र इस टाँग पर भी डाल लीजिए."

मी म्हटलं, "वो तो कंट्रोल है साहब, बाद में."

"जी," ते म्हणाले, "आप बेहतर जानती हैं."

मी खूश! एवढा अनुभवी माणूस आपल्याला मानतो म्हणजे काय! आमच्या नागपुरात कुणी असं म्हणालं तर त्याचा अर्थ तोच असतो. लखनौत त्याचा अर्थ 'बाई, तुम्ही ठार चुकताय' असा होतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून साहेब धाकट्या मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. मी एकटीने पहिले काप काढले. 'उजवा, म्हातारा' असं लिहिलेल्या नळीतले. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ओरडलेच. धागे कसे! भरदार, एकमेकांना चिकटलेले, कुठे फट नाही. बारा दिवसांपूर्वी मेलेला स्नायू म्हाताऱ्या अंगात असा भरून आला होता! मी दोनच काचपट्ट्या बघितल्या, आणि तेवढ्यात काप काढायचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला कानपूरहून येणार होता, म्हणजे आठवडा तरी गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. मी गाइडना लांबलचक पत्र टाकलं, चौकातून शेरभर रेवड्या घेतल्या आणि टेम्पोत शेजारच्या बाईलाही खिलवल्या.

घरी येऊन चपला न काढताच आजीपाशी गेले. "आजी, उंदरांनी सांगितलं. भरतं! म्हाताऱ्यांचंही भरतं! बारा दिवसांत!"

आजी कोपरावर रेलून वर झाली. मग म्हणाली, "आपल्या माणसावानी म्हातारे?"

"तुझ्याएवढे."

"तो कागद कुठी हाय पाय बरं गादीखाली."

दारापासून फाटकापर्यंत

ते पुढचे दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो. पहिल्या सकाळी आजीने पाय खाली टेकला आणि "मेली वं माय!" असं ओरडली की शेजारीण धावत आली. दुसऱ्या दिवशी खाटेवरून तीनदा उठबस. मग पाच. मी मोजायचे आणि ती मला शिव्या द्यायची. "तुही उंदरं मरोत!" असं म्हणत ती बैठकीच्या दारापर्यंत गेली. चौथ्या की पाचव्या दिवशी अंगणात. मग माझा दंड धरून फाटकापर्यंत. फाटकाशी किराणावाला भेटला. त्याने हात जोडले आणि ज्वारी आणून ठेवली आहे असं सांगितलं. आजी मला म्हणाली, "हा माणूस बरा हाय."

काकूंनी तिला दूध, अंडी, डाळ द्यायला सुरुवात केली. मिनीने जुन्या बांबूची काठी घासून दिली आणि मूठ लोकरीने गुंडाळली. माझ्या दुसऱ्या बाहीची लोकर! तो स्वेटर एका बाहीचाच राहिला.

फक्त काका गप्प होते. कचेरीतून आले की आई कुठपर्यंत गेली ते विचारायचे, "अच्छा" म्हणायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. मला राग यायचा. म्हटलं, कसला माणूस आहे हा!

किनारे बैठे हैं

रिझवीसाहेब रजेवरून आले ते मिठाईचा डबा घेऊनच. मी आधी काचपट्टी त्यांच्यापुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ बघितलं.

"माशाअल्लाह. बेहद खूबसूरत."

"है ना?"

"जी. बस, न्यूक्लियस ज़रा शरमाकर किनारे बैठे हैं."

मी त्यांना बाजूला सारून पुन्हा डोळा लावला. कारण हे आमच्या धंद्यातलं बाळबोध ज्ञान. जो धागा नव्याने विणला गेला आहे, त्याची केंद्रकं, म्हणजे न्यूक्लियस, मध्यभागी असतात. ज्याला कधी इजाच झाली नाही, त्याची कडेला. मी भरदार धागे बघून इतकी हुरळले होते की केंद्रकं कुठे आहेत ते बघितलंच नव्हतं. हे स्नायू भरून आलेले नव्हतेच. यांना कधी काही झालंच नव्हतं!

उताणा उंदीर आणि पालथा उंदीर. टोचताना मी माझा उजवा हात बघून 'उजवा' लिहिलं, तो होता उंदराचा डावा. काढताना उंदीर पालथे, तेव्हा उजवा खरा उजवा. म्हणजे 'उजवा' लिहिलेल्या सगळ्या नळ्यांत न टोचलेले स्नायू.

"आपने देखा था?" मी विचारलं.

"अर्ज़ तो किया था," ते ओशाळून म्हणाले. "आपने इतने यक़ीन से फ़रमाया कि कंट्रोल है. फिर गुस्ताख़ी कैसे करते?"

"साहब, हमारे नागपूर में होते तो कहते, बाई, डोकं ठिकाणावर आहे का!"

त्यांनी कानाला हात लावला. "तौबा. बेटी से ऐसे कौन बात करता है?"

मला त्यांच्यावर चिडायचं होतं आणि चिडता येईना. चूक माझी होती. यंत्र दुरुस्त झालं होतं. आम्ही दुसरी नळी काढली, ती 'डावा' लिहिलेली. त्या कापांत खरं उत्तर होतं. धागे बारीक, विरळ, कमीजास्त जाडीचे, मधेमधे नुसता भरणा. केंद्रकं मध्यभागी होती, म्हणजे नवे धागे विणले गेले होते, पण थोडे. नंतर तरुण उंदरांचे बघितले, तर ते कितीतरी पुढे गेलेले. म्हातारा स्नायू कचरतो, हे खरं होतं. प्रबंधासाठी हे उत्तम उत्तर होतं. गाइडना तार केली, 'आधीचं पत्र फाडा'. आणि मग टेम्पोत बसले तेव्हा लक्षात आलं की आजीला तार करता येत नाही.

रिझवीसाहेब त्यानंतर सात-आठ वर्षांनी गेले असं कळलं. आजही विद्यार्थ्याने उंदीर हातात घेतला की मी विचारते, "उजवा कुणाचा? तुझा की त्यांचा?" मुलांना वाटतं मॅडम उंदराला मान देतात. बरोबरच वाटतं.

घरी काकूंना स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. काकू लाटणं उगारून म्हणाल्या, "खबरदार! ती परवा एकटी फाटकापर्यंत गेली. आता सांगशील तर परत पडून राहील."

काका पाठीमागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते म्हणाले, "सांगून टाक तिला. खोटं कशाला?" आणि अंगणात निघून गेले. खरेपणाबद्दलचा एवढा उमाळा मला तेव्हा जरा विचित्र वाटला.

मी दोन दिवस गप्प राहिले. त्या दोन दिवसांत आजी चाळीस पावलं जास्त चालली आणि मी प्रत्येक पाऊल मान खाली घालून मोजलं. मला खोटं बोलता येत नाही. यात थोरवी काही नाही, चेहऱ्यावर दिसतं.

बख्शी का तालाब

रविवारी बख्शी का तालाबला जायचं ठरलं. तिथे हवाईदलात काकांच्या ओळखीचं एक साताऱ्याकडचं कुटुंब होतं, त्यांनी जेवायला बोलावलं होतं. आजीची ही पहिली बाहेरची वारी. त्यांनी पाठवलेल्या जीपमध्ये तिला मधे बसवलं. शहर संपलं, दोन्ही बाजूंना मोहरी पिवळीधमक, मधेच मटारची शेतं. जेवण झाल्यावर बाकीचे आत गप्पा मारत बसले आणि आजी म्हणाली, "मले रान दाखव." आम्ही शेताच्या बांधावर उन्हात बसलो. तिने मटाराच्या दोन शेंगा तोडल्या, एक मला दिली.

मी म्हटलं, "आजी, मी तुझ्याशी खोटं बोलले. मुद्दाम नाही. पण खोटं."

आणि सगळं सांगितलं. उताणा, पालथा, डावा, उजवा. ते ऐकून घेत ती मटार सोलत होती. मी म्हटलं, "म्हाताऱ्यांचं नीट भरत नाही. तरुणांइतकं नाही. थोडंसंच भरतं, आणि हळू." मला खरंच रडू येत होतं.

"म्हंजे मी फुकटच चालली इतके दिवस?"

"तसं नाही..."

"थोडं तं भरते ना?"

"थोडं भरतं."

तिने एक दाणा चिमटीत फिरवला. मग म्हणाली, "ते उंदरं कुठी राहत होते?"

"पिंजऱ्यात."

"चालत-फिरत होते का?"

"पिंजऱ्यात किती चालणार आजी?"

"मंग!" तिने दाणे तोंडात टाकले. "कोंडून ठेवलं तं काय भरन बिचाऱ्यायचं? त्याहिले जाले गाव कुठी होतं? ऊठ. मले हात दे. नको, राहू दे, हात नको देऊ."

तिने काठी रोवली, बांधावर तळहात टेकला आणि कण्हत, शिव्या देत, एकटी उभी राहिली. मी प्रबंधात काय लिहिलं ते आता मलाही वाचावंसं वाटत नाही, पण 'पिंजऱ्यातल्या प्राण्यांची हालचाल विचारात घेतलेली नाही' हे वाक्य त्यात आहे. परीक्षकांनी त्याचं खास कौतुक केलं. ते कुणाचं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

चारबाग

जानेवारीच्या शेवटी माझं काम संपलं. आजी तोवर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन यायला लागली होती. काकांनी एका संध्याकाळी दोन तिकिटं तसबिरीखाली ठेवली, माझं आणि आजीचं. गावाकडून आजीची बहीण आणि भाचा नागपूर स्टेशनवर घ्यायला येणार होते.

दुपारची गाडी, पण धुक्यामुळे तीन तास उशीर. आम्ही भजी खाल्ली, चहा प्यायलो, पुन्हा चहा प्यायलो. गाडी आली ती आमचा डबा पार पुढे घेऊन. पळापळ! काका म्हणाले, "आई, सामानाच्या ठेल्यावर बस, मी ढकलत नेतो." एक हमालही म्हणाला, "माताजी, गोद में उठा लें?"

"काहून?" आजी म्हणाली. "मी काय गठुडं हाय?"

आणि ती चालली. गर्दीतून, सांडलेल्या पाण्यातून, काठी ठोकत. मी एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला, दोघांचेही हात तिच्याभोवती आणि तिला न लागता. डब्याची पायरी उंच होती. तिने दांडी दोन्ही हातांनी धरली, पाय वर टाकला. क्षणभर ती तिथेच अडकली. पातळाखाली पोटरी थरथरताना मला दिसत होती. मग ती वर गेली.

तिला खिडकीशी बसवून मी पिशवी घ्यायला दारात आले. काका खाली उभे होते. मला वाटलं, आता तरी शाबासकी देतील. त्यांनी मफलरने तोंड पुसलं.

"कुंदा, ती तिकिटाची अट मी घातली होती ना," ते म्हणाले, "ती पुरी व्हावी म्हणून नव्हती गं घातली." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. ते म्हणाले, "बापाच्या माघारी तिने एकटीने वाढवलं मला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच पाच महिने माझ्या घरी राहिली ती. पडली म्हणून का होईना, राहिली."

गाडी हलली. मी आत धावले. काका खिडकीच्या बरोबरीने चालू लागले, एक हात गजावर. आजीने आतून त्यांची बोटं धरली होती. गाडीने वेग घेतला तशी काकांची पावलं लांब पडू लागली, मग ते पळायला लागले. पंचावन्न वर्षांचे, कचेरीतले बूट, मफलर सुटलेला.

आजीने त्यांची बोटं सोडली, गजाला तोंड लावलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशी ओरडली,

"पळू नको रे बाळ्या, पडशीन!"